प्राणी समुद्र ओलांडून आले की जमीनच सरकली? सस्तनांच्या जुन्या नातलगांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवाश्मांवर बोलायला शाळेत गेलं काय किंवा वाचनालयात गेलं काय, शेवटी प्रश्न फिरून फिरून तेच येतात. मुलं सरळ विचारतात, मोठी माणसं आधी चहा पितात आणि मग विचारतात, एवढाच फरक. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण गोष्टच तेवढी आहे.

सस्तनांचे जुने नातलग म्हणजे डायनोसॉरच ना?

नाही, आणि ही गल्लत सगळ्यात जास्त होते. अंडी जमिनीवर घालू शकणाऱ्या चतुष्पादांची दोन घराणी 30 कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. एका घराण्यात पुढे पाली, मगरी, डायनोसॉर आणि पक्षी आले. दुसरं घराणं सिनॅप्सिडांचं, म्हणजे आपलं. गाय, वटवाघूळ, देवमासा आणि तुम्ही-आम्ही हे या घराण्याचे आज उरलेले वंशज. जुन्या पुस्तकांत या प्राण्यांना ‘सस्तनसदृश सरपटणारे प्राणी’ म्हणत. ते नाव आता टाकून दिलं आहे, कारण ते सरपटणाऱ्यांच्या फांदीवर कधी नव्हतेच.

घराणं ओळखण्याची खूण कवटीवर असते. सिनॅप्सिडांच्या डोळ्यामागे, दोन्ही बाजूंना, एकेकच खिडकी असते. डायनोसॉरांच्या फांदीत मुळात दोन-दोन. कानशिलावर बोटं ठेवा आणि सुपारी चघळल्यासारखा जबडा हलवा. बोटांखाली जो स्नायू फुगतो, तो त्याच जुन्या खिडकीच्या जागेतून खाली जबड्याकडे उतरतो.

कवटीत भोक एक की दोन, एवढ्यावरून नातं ठरतं?

एवढ्यावरून नाही. दातांची रचना, टाळू, खांदा, कंबर असं बरंच पाहतात. पण सगळ्यात पटणारा पुरावा कानात आहे. आपल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन चिमुकली हाडं आहेत. जुन्या सिनॅप्सिडांमध्ये यातली पहिली दोन जबड्याच्या सांध्यात होती. खालचा जबडा कवटीला जिथे टेकतो, तिथली बिजागरीच ती. कोट्यवधी वर्षांत जबड्याचा सांधा पुढच्या हाडांकडे गेला, मोकळी झालेली हाडं लहान होत गेली आणि ऐकण्याच्या कामाला लागली. हा प्रवास जीवाश्मांत टप्प्याटप्प्याने दिसतो. आईच्या पोटातल्या गर्भातही ही हाडं जबड्याच्या कूर्चेपासूनच तयार होतात.

या विषयात सारखं लिस्ट्रोसॉरसचं नाव का येतं?

कारण तो जिथे सापडायला नको होता, तिथे सापडला.

दिसायला अगदी साधा प्राणी. साधारण डुकराएवढा, बसकट, पोपटासारखी चोच, वरच्या जबड्यात दोन सुळे आणि बाकी दात जवळजवळ नाहीतच. डायसिनोडॉन्ट नावाच्या शाकाहारी सिनॅप्सिडांतला हा एक. त्याचं नामकरणही मजेशीर झालं. दक्षिण आफ्रिकेतली एक कवटी फिलाडेल्फियाच्या एलियास रूट बीडल या मिशनरी संग्राहकाकडे आली. त्याने त्या काळचे मोठे जीवाश्मतज्ज्ञ मार्श यांना पत्र लिहिलं. उत्तर नाही. मग त्याने मार्श यांचे हाडवैरी कोप यांना लिहिलं. कोपनी लगेच दखल घेतली आणि 1870 मध्ये प्राण्याला नाव देऊन टाकलं. हाडांवरून हाडवैर म्हणतात ते हेच.

त्याच्या पाच वर्षं आधी, 1865 मध्ये, इंग्लंडचे जीवशास्त्रज्ञ हक्स्ली यांनी बंगालच्या राणीगंज भागातल्या पंचेत थरांमधून आलेल्या हाडांचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. हे प्राणी दक्षिण आफ्रिकेतल्या डायसिनोडॉन्टांचे जवळचे आप्त आहेत हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. आज ती हाडं लिस्ट्रोसॉरसचीच मानतात. 1930 च्या दशकात चीनच्या शिनजियांगमधूनही लिस्ट्रोसॉरस बाहेर आला. म्हणजे बंगालकडचं दामोदरचं खोरं, दक्षिण आफ्रिकेतलं कारू आणि मध्य आशियाचं वाळवंट, तिन्हीकडे तोच प्राणी.

डिसेंबर 1969 मध्ये एडविन कोलबर्ट आणि त्यांचे सहकारी अंटार्क्टिकात बियर्डमोर हिमनदीजवळच्या कोलसॅक ब्लफ या कड्यावर काम करत होते. तिथे त्यांना लिस्ट्रोसॉरसची हाडं मिळाली. आजूबाजूला हजारो किलोमीटर खारं पाणी आणि मध्ये कारूतला तोच डुकराएवढा प्राणी. समुद्राच्या तळाचा अभ्यास करणाऱ्यांनी तोवर खंड सरकतात हे बरंचसं सिद्ध केलेलं होतं. तरी ज्यांना समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचे आलेख कळत नव्हते त्यांनाही हे हाड कळलं.

तो पोहत गेला असेल की!

लिस्ट्रोसॉरस पाणघोड्यासारखा पाण्यात डुंबत असावा असं एके काळी खरंच मानत. आता तसं मानत नाहीत. त्याचे पुढचे पाय आणि खांदे उकरायच्या कामाचे होते. आणि पाणघोडासुद्धा नदीत राहतो, हिंदी महासागर ओलांडत नाही.

तो चालत गेला. एका पिढीने नाही, हजारो पिढ्यांनी. नवा चारा, नवं पाणवठ्याचं ठिकाण असं करत वर्षाला अर्धा किलोमीटर जरी हद्द पुढे सरकली, तरी वीस हजार वर्षांत दहा हजार किलोमीटर होतात. भूशास्त्राच्या हिशेबात वीस हजार वर्षं म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ. अट एकच, मध्ये समुद्र नको. आणि तेव्हा तो नव्हता. सगळे खंड पॅन्जिया नावाच्या एकाच महाखंडात जोडलेले होते.

पूर्वीच्या शास्त्रज्ञांना हे कसं सुचलं नाही?

प्राणी सारखे आहेत हे त्यांना नक्की दिसत होतं. उत्तर मात्र वेगळं सुचलं. खंड जागचे हलत नाहीत हे गृहीत धरल्यावर मग मधल्या समुद्रात काहीतरी घालावं लागतं. म्हणून भूसेतू कल्पिले गेले, लांबलचक जमिनीचे पूल, जे प्राणी पलीकडे पोहोचल्यावर सोयीने बुडाले. 1864 मध्ये फिलिप स्क्लेटरने मादागास्कर आणि भारत यांतल्या साम्यासाठी लेमुरिया नावाचा आख्खा खंडच मांडला आणि तो बुडवलाही. आज हसू येतं, पण त्या काळात जमीन बुडणं हे जमीन सरकण्यापेक्षा पटण्याजोगं वाटत होतं.

1912 मध्ये आल्फ्रेड वेगेनरने जमीनच सरकते असं सांगितलं. समुद्राच्या दोन्ही काठांवर मिळणारी ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीची पानं आणि मेसोसॉरस हा छोटा जलचर हे त्याच्या बाजूचे साक्षीदार होते. योगायोग असा की त्याच वर्षी दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉटची तुकडी मृत्युमुखी पडली आणि त्यांच्या मृतदेहांजवळ सुमारे 16 किलो दगड मिळाले. त्यांत ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे ठसे होते. उपाशी, थकलेल्या माणसांनी ते ओझं टाकलं नव्हतं.

गोंडवन हे नाव आपल्या गोंडांवरून आलं आहे का?

हो. मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून इथल्या कोळसेवाल्या खडकांच्या थरांना एकोणिसाव्या शतकात हे नाव मिळालं. पुढे ऑस्ट्रियाच्या एडवर्ड स्यूसने तेच नाव सबंध दक्षिणेकडच्या महाखंडाला दिलं. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया एवढा पसारा त्या एका नावात मावतो. चंद्रपूरच्या गोंड राजांचा किल्ला पाहताना हे आठवलं तर चांगलं.

25 कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात सगळे मेले आणि लिस्ट्रोसॉरसच कसा तगला?

पर्मियन काळ संपताना सैबेरियात प्रचंड लाव्हा ओतला गेला, हवेत कार्बन वाढला, तापमान चढलं. पृथ्वीच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा महाविनाश. त्यानंतरच्या थरांत, विशेषतः कारूमध्ये, काही ठिकाणी सापडणाऱ्या चतुष्पादांपैकी बहुसंख्य एकटे लिस्ट्रोसॉरसच असतात. तो आधीपासून होता, विनाशानंतर मात्र रान मोकळं मिळालं.

कारणं अनेक सुचवली जातात. उकरायची सवय, मिळेल तो पाला खाणं, लवकर वयात येणं. मला सगळ्यात आवडलेला पुरावा सुळ्यांचा आहे. सुळे आयुष्यभर वाढतात आणि झाडाच्या खोडासारखी त्यांत वलयं पडतात. 2020 मध्ये मेगन व्हिटनी आणि ख्रिश्चन सिडोर यांनी अंटार्क्टिकातल्या आणि आफ्रिकेतल्या लिस्ट्रोसॉरसांचे सुळे कापून पाहिले. अंटार्क्टिकातल्या सुळ्यांत जाडसर, दाटीने आलेली ताणाची वलयं होती, आजच्या शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यांच्या दातांत दिसतात तशी. तेव्हा तिथे बर्फाचं आवरण नव्हतं, पण ध्रुवाजवळची महिनोन्महिन्यांची रात्र होतीच. कठीण दिवसांत शरीराची वात बारीक करून पडून राहता येणं, ही युक्ती एवढ्या जुन्या नातलगाकडे असावी.

भारतात आणखी काय सापडलं आहे?

बरंच, आणि त्यातलं पुष्कळसं प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, तेलंगणाच्या हद्दीत. याचं श्रेय एका अनपेक्षित ठिकाणाला जातं, ते म्हणजे कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. आकडेमोडीच्या संस्थेत हाडं कशाला, असं कुणालाही वाटेल. संस्थापक महालनोबीस यांचं म्हणणं असं की मोजता येईल ते सगळं आपलंच. त्यांनी 1950 च्या दशकात लंडनहून जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावलं आणि भूशास्त्राचा विभाग उभा राहिला.

त्यामुळे इथल्या प्राण्यांची नावं वाचली की देशाच्या विज्ञानाची हजेरीच लागते. एंडोथायोडॉन महालनोबिसी हा पर्मियन काळातला डायसिनोडॉन्ट. त्याचे सख्खे भाऊबंद आफ्रिकेत आणि ब्राझीलमध्ये आहेत. वाडियासॉरस हा भूशास्त्रज्ञ दा. नो. वाडिया यांच्या नावाचा. एक्झेरेटोडॉन स्टॅटिस्टिकी तर थेट संख्याशास्त्राच्या नावाचा. हा सायनोडॉन्ट, म्हणजे सस्तनांच्या आणखी जवळचा, आणि त्याची प्रजात अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्येही मिळते. कोटाथेरियम हाल्डेनाय हा ज्युरासिक काळातला चिमुकला प्राणी जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्या नावाचा.

महाराष्ट्रात का सापडत नाहीत?

राज्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाखाली आहे. हा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. लिस्ट्रोसॉरस त्याच्या 18 कोटी वर्षं आधीचा. सह्याद्रीत त्याला शोधणं म्हणजे आजोबांना नातवाच्या बारशाच्या फोटोत शोधण्यासारखं नाही, खापर-खापरपणजोबांना शोधण्यासारखं आहे.

पूर्व विदर्भाची गोष्ट वेगळी. नागपूर, वणी, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गोंडवन खडक उघडे आहेत, म्हणून तर तिथे कोळशाच्या खाणी आहेत. आधी सांगितलेल्या कोटाथेरियमच्या नावातलं ‘कोटा’ हे राजस्थानातलं नव्हे. ते सिरोंचा तालुक्यातलं, प्राणहितेच्या काठचं कोटा गाव. तिथल्या चुनखडीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच माशांचे जीवाश्म मिळाले आणि त्या थरांना जगभर कोटा हे नाव मिळालं. सस्तनांचे दात मात्र त्याच थरांच्या तेलंगणातल्या भागातून आले. नदीने राज्याची हद्द आखली, खडकांना त्याचं काय! सिरोंचा तालुक्यातच वडधमला जीवाश्म उद्यान आहे.

या पट्ट्यातला पहिला मोठा संग्राहक म्हणजे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप. त्यांच्या नावाचं महाविद्यालय विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे, दगड फारसे कुणाला नाहीत. 1863 च्या पावसाळ्यात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. भारतातला क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातला पहिला सस्तन 1988 मध्ये जाहीर झाला, तेव्हा प्रसाद आणि साहनी यांनी त्याचं नाव डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी ठेवलं.

मग सगळ्याच प्राण्यांचं उत्तर ‘जमीन जोडलेली होती’ असंच आहे का?

तसं असतं तर हे पान इथेच संपवता आलं असतं. खरी पंचाईत इथूनच सुरू होते.

भारथेरियम नावाचा प्राणी घ्या. दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधी कधी तळ्यांचा गाळ सापडतो. तेलंगणातलं नास्कल, कर्नाटकातलं गोकाक, मध्य प्रदेशातलं किसलपुरी इथल्या अशा गाळात याचे दात मिळाले, काही मिलिमीटरांचे. 2007 मध्ये दोन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याला दोन नावं दिली, भारथेरियम आणि दक्षिणा. प्राणी एकच निघाला. नियमाप्रमाणे आधी छापलेलं नाव टिकतं, म्हणून भारथेरियम राहिलं. दक्षिणा हे नाव मला जास्त गोड वाटायचं, पण इथे आवडीला किंमत नसते.

हा गोंडवनाथेरियन नावाच्या जुन्या सस्तनांच्या गटातला. हा गट आधी अर्जेंटिनात ओळखला गेला. 1997 मध्ये मादागास्कर आणि भारत दोन्हीकडून त्याचे दात जाहीर झाले. अंटार्क्टिकातल्या सेमूर बेटावरही मिळाले. पुढे मादागास्करमध्ये 2014 ला व्हिन्टाना या प्राण्याची पूर्ण कवटी जाहीर झाली. ती माशांच्या जीवाश्मांसाठी आणलेल्या वाळूखडकाच्या ढेकळात होती आणि सीटी स्कॅन करताना अचानक दिसली. 2020 मध्ये अदालाथेरियमचा जवळजवळ सबंध सांगाडा आला. मलागासी भाषेत ‘अदाला’ म्हणजे वेडा, आणि सांगाडा आहेही तसाच. पुढचे पाय सरळ, मागचे फाकलेले.

आता तारखा लावून पाहा. भारत अंटार्क्टिकापासून 12-13 कोटी वर्षांपूर्वी सुटू लागला. मादागास्करपासून सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी. भारथेरियम 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारत चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला, उत्तरेकडे निघालेला एकटा तराफा होता. मग तो इथे कसा? एक उत्तर असं की या गटाचे पूर्वज खंड तुटण्याआधीच सगळीकडे पसरले होते आणि प्रत्येक तुकडा आपापली माणसं घेऊन निघाला. दुसरं असं की खंड तुटल्यावरही बेटांच्या किंवा उथळ जमिनींच्या साखळ्या काही काळ टिकल्या. मला पहिलं उत्तर अधिक पटतं, कारण मादागास्करचा अदालाथेरियम जितका विचित्र आहे तितकं विचित्र व्हायला दीर्घ एकांतवास लागतो. पण भारतातून अशी एखादी कवटी मिळेपर्यंत पैज लावू नये.

आणि एक महाराष्ट्राची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा मिळते. 2005 मध्ये तिच्यात गवताचे सिलिकाचे कण सापडले. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतं, ही समजूत तिथे मोडली. गोंडवनाथेरियनांचे दात उंच, सतत झिजायला बनलेले असतात. ते हे गवतच खात असावेत, असा तर्क त्याच संशोधकांनी मांडला.

हे सगळं दक्षिणेचंच का? उत्तरेत काय?

उत्तरेतही कोडी आहेत. अमेरिकेतल्या युटामध्ये सिफेलिओडॉन नावाच्या, साधारण सशाएवढ्या प्राण्याची कवटी मिळाली. 2018 मध्ये ती जाहीर झाली. वय सुमारे 13 कोटी वर्षं. एका डायनोसॉरच्या पायाच्या हाडांखाली ती दबलेली होती. त्याचा सगळ्यात जवळचा नातलग मोरोक्कोचा. उत्तर आणि दक्षिणेकडचे खंड तोवर पुरते वेगळे झाले असं मानत होते. हा प्राणी म्हणतो, ये-जा आणखी दीड कोटी वर्षं तरी चालू होती.

ऑस्ट्रेलियातले कांगारू कुठून आले?

पूर्वज दक्षिण अमेरिकेतून, अंटार्क्टिका ओलांडून. तेव्हा तिथे जंगल होतं. सेमूर बेटावर पिशवीवाल्या प्राण्याचे जीवाश्म 1982 मध्ये मिळाले. उलट, प्लॅटिपसच्या नातलगाचे दात अर्जेंटिनात मिळाले आहेत, सुमारे 6 कोटी वर्षांचे. रस्ता दुहेरी होता.

एका दातावरून एवढं सांगता, चूक होत नाही?

होते. मध्य प्रदेशातल्या टिकी थरांतला टिकिथेरियम घ्या. एकच दात, 2005 मध्ये जाहीर झाला आणि सस्तनांच्या अगदी जुन्या नातलगांत त्याची गणना होत आली. 2024 मध्ये रशियन संशोधकांनी तो तपासून सांगितलं की ही तर चिचुंद्रीच्या कुळातली, खूपच अलीकडची. जुन्या थरात ती मागाहून मिसळली असणार. तसंच ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या काही हाडांवरून 2003 मध्ये असं सांगितलं गेलं की डायसिनोडॉन्ट तिथे आणखी दहा कोटी वर्षं टिकून होते. पुढे ती हाडं हिमयुगातल्या एका मोठ्या सस्तन प्राण्याची ठरली.

तरी दातांशिवाय गत्यंतर नाही. दाताचं एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, तोच टिकतो. संशोधक पोतीच्या पोती गाळ आणतात, भिजवतात, बारीक चाळणीतून धुतात आणि चाळणीत उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली कण कण करून निवडतात. तांदूळ निवडणाऱ्या आजीला हे काम लगेच जमेल.

आम्हाला शेतात किंवा नाल्यात हाडासारखा दगड सापडला तर?

उचलू नका. कोणत्या थरातून आला हे कळलं नाही तर अर्धी किंमत गेली, टिकिथेरियमचं काय झालं ते वर वाचलंच. शेजारी नाणं किंवा पेन ठेवून फोटो काढा, आजूबाजूच्या थराचा वेगळा काढा, मोबाइलवर जागेची खूण नोंदवा. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा, मध्य विभागाचं मुख्यालय नागपुरातच आहे. किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. जिभेला चिकटतो का हे पाहण्याची जुनी चाचणी काही जण सांगतात. सच्छिद्र हाड चिकटतं हे खरं आहे, पण पिसदुऱ्याच्या बाजूला असाल तर चाटण्याआधी दोनदा विचार करा.